कीर्तन चालू असताना

प्रिय विशू,

तात्यासाहेबांनी तुझा निरोप पोचवला. मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर जबाबाला बोलावतील तेव्हा आईनं एवढंच सांगायचं, की सून मृण्मयी ओल्या फरशीवरून घसरली, ओट्याच्या कडेवर तिचं तोंड आपटलं, आणि तिला सावरायला गेले तर मी पण पडले. दुसरं म्हणजे, कॉम्प्युटरमधलं सगळं उडवून टाकायचं. मृण्मयीनं घाटी दवाखान्यात तसंच लिहून दिलंय, आता फक्त म्हातारीचं तोंड तेवढं बाकी आहे, असं तुझे हे चुलते माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून म्हणाले. तू सुटणार का आत राहणार ते माझ्या जबाबावर आहे म्हणे. कळलं बाबा मला. आता माझं ऐकून घे. मी लांबण लावीन, पण तुला तिथं घाई कसली आहे?

हे पत्र छापील बघून दचकू नकोस. तिथले साहेब आधी वाचतात म्हणे, वाचू दे त्यांना पण. माझा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी बोलते आणि कॉम्प्युटर लिहितो. ही सोय तूच मागच्या दिवाळीत करून दिलीस. लई गुणी यंत्र आहे, माझं गावाकडचं बोलणं पण झेलतंय. फक्त मी शिवी दिली की तिथं फुल्या मारतंय. तुला जिथं जिथं फुल्या दिसतील तिथं आईनं काय म्हटलं असंल ते तुझं तू समजून घे.

तू हा कॉम्प्युटर आणलास तेव्हा मी किती कुरकुर केली होती, आठवतं का? शेंद्र्याच्या तुझ्या कंपनीतून जुना म्हणून काढलेला, तू तो पोत्यात गुंडाळून जिन्यानं वर आणलास. मी म्हटलं, ह्या वयात मला हे नाचवायचं काय. तू माझ्या शेजारी पाटावर बसलास आणि माऊस माझ्या मुठीत धरून फिरवलास, लहानपणी मी तुझा हात धरून पाटीवर फिरवायचे तसा. अक्षरं मोठी केलीस. घरात जो म्हणून मोबाईल जुना झाला तो तू टाकून दिला नाहीस. एकाचा माझ्या देवघरात रेडिओ केलास, एकाचं तुझ्या लेकीच्या, ओवीच्या शाळेचं घड्याळ केलंस, आणि एक फ्रिजवर उभा करून त्याचा कॅमेरा केलास. दूध उतू जातं, गॅस चालू राहतो, बाहेरून बघता येईल, असं म्हणालास. समोरच्या गीताबाई मुकुंदवाडीभर सांगत फिरल्या, की पोरगा असावा तर आवडाबाईच्या विश्वजितसारखा. मला पण तसंच वाटायचं. अजून पण ते सगळं आठवलं की छाती भरून येते, आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटते.

तुझ्या इंटरनेटवरच्या खात्यातली फुकटची जागा भरली होती. भाडं भरून जागा घ्यायची नाही म्हणून तू माझ्या नावाचं खातं काढलंस आणि फ्रिजवरच्या कॅमेऱ्याचं सगळं त्यात सोडलंस. म्हातारी फक्त कीर्तन ऐकते, तिला काय कळतंय, असं तुला वाटलं असणार. कारण कीर्तनासाठी तर तू मला ते कानावर बसवायचं मोठं जाड हेडफोन आणून दिलंस. तुझ्या कानाला ऐकू कमी येतं, आजूबाजूचा आवाज नको, असं म्हणालास. तू तुझ्या मोबाईलवर तिकडंच बोट दाबायचास आणि इकडं माझ्या खोलीत कीर्तन सुरू व्हायचं. मी दार लोटून डोळे मिटून बसायचे. पोरगं कामावरून दमून आलं तरी आधी आईचं कीर्तन लावतंय, ह्याचं मला कोण कौतुक.

ओवी माझ्याजवळ आहे. शाळेत जाते, पण डबा तसाच परत आणते. परवा गीताबाईंच्या हातून पातेल्याचं झाकण खाली पडलं तर ही टेबलाखाली शिरली आणि दोन्ही कान दाबून बसली. तिला बाहेर काढायला मला टेबलाखाली तिच्याजवळ जाऊन आडवं व्हावं लागलं. तुझी आठवण काढत नाही. खोटं कशाला सांगू.

तुझ्या बापाचं तुला आठवत असंल. दौलताबादला किल्ल्याखाली आपलं पेरूचं दुकान होतं, आणि तो मला दुकानाच्या मागं नाही, पुढं मारायचा. गिऱ्हाईक पेरू निवडायचं थांबून बघत उभं राहायचं. एकदा त्यानं माझे केस धरून मला क्रेटवर आपटलं तेव्हा तू पळत आलास आणि त्याच्या मनगटाला असा कडकडून चावलास की रक्त आलं. त्यानं तुला उचलून फेकलं. तुझ्या भुवईवर ती खूण अजून आहे. त्या दिवशी तुझ्या भुवईला हळद लावताना मला वाटलं होतं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हे पोरगं कुणाच्या लेकीवर हात टाकणार नाही.

त्या रविवारचं तुला मी काय सांगावं, तू होतासच. पण मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही. मी माझ्या खोलीत डोळे मिटून बसले होते. कुणीतरी माझ्या डोक्यावरचं हेडफोन ओढून काढलं. बघते तर ओवी. तोंड उघडं, पण तोंडातून आवाज नाही. आणि मग हेडफोन काढल्यावर जे कानावर आलं ते माणसाचं आहे हे मला आधी कळलंच नाही. मी स्वयंपाकघरात आले तर मृण्मयी खाली पडली होती, तू तिच्या छातीवर गुडघा दिला होतास आणि कुकरचं झाकण तुझ्या हातात होतं. तिच्या तोंडातून रक्ताबरोबर दात आला. तू अजून मारतच होतास. मी खलबत्त्यातला बत्ता उचलला. तुला भीती घालायला नाही, विशू, तुझ्या डोक्यात घालायला उचलला. तू वळलास, माझं मनगट धरलंस आणि पिळलंस. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, तेव्हा कानावर काही नव्हतं. मग तू फ्रिजवरचा कॅमेऱ्याचा मोबाईल ओढून फरशीवर आपटलास आणि टाचेनं चुरा केलास. मला तेव्हा वाटलं राग आहे. गीताबाईंनी पोलिसांना फोन केला नसता तर आज मृण्मयी नसती. बत्ता घालायला मला उशीर झाला, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी ऐक. तात्यासाहेब निरोप सांगून गेले आणि मी कॉम्प्युटरपुढं बसले ते तुझं काम करायलाच. पोलिसांनी तुझा मोबाईल नेला, चुरा झालेला पण गोळा करून नेला, पण ह्याला कुणी हात लावला नाही, आजीचं कीर्तनाचं यंत्र म्हणून. मी आई आहे. तुला तिथं कांबळ्यावर झोपवतात हे ऐकून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. म्हटलं, पोरगं चुकलं, एकदा सुटू दे, मग मीच त्याला सरळ करते. कॅमेऱ्याच्या फाइली बघितल्या. मृण्मयी पोळ्या करतेय, मृण्मयी भांडी घासतेय, मृण्मयी माहेरी फोनवर बोलतेय. दूध कुठंच उतू जात नव्हतं. तिच्यावर पाळत ठेवायला तू तो लावला होतास, एवढं माझ्या ध्यानात आलं. तरी मी सगळ्या पुसल्या. पुसून पण जागा रिकामी दिसंना. तेव्हा तूच शिकवलेलं आठवलं. पुसलेलं आधी कचरापेटीत जातं, महिनाभर तिथंच पडून राहतं आणि जागा खात बसतं. आई, पेटी रिकामी करायच्या आधी एकदा बघून घ्यायचं, कामाचं काही गेलं का म्हणून. असंच म्हणाला होतास ना? मी बघितलं.

त्या पेटीत तू होतास. महिनाभरातलं सगळं. दर वेळी झोपायच्या आधी तू मोबाईलवरून तुझ्यापुरतं वेचून पुसत आला होतास, आणि रविवारचं पुसायला तुला सवड मिळाली असंल ती पोलीस जिना चढेपर्यंत. पहिल्यात तू चार्जरच्या वायरनं मारतोस. मृण्मयी ओरडत नाही, ती पदराचा बोळा स्वतःच्याच तोंडात घालते. दुसऱ्यात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिचा हात धरून तव्यावर टेकवतोस. तो हात बांधलेला मी बघितला होता आणि तिला म्हटलं होतं, जपून करत जा गं. सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. तू स्वयंपाकघरात येतोस. तुला बघून ती आधी गॅस बंद करते आणि ओवीला दाराकडं ढकलते, म्हणजे तिला माहीत असतं. तू खिशातून मोबाईल काढतोस. आणि तिला म्हणतोस, थांब, आधी आईचं कीर्तन लावून देतो. स्पष्ट ऐकू येतं. बोट दाबतोस, मोबाईल फ्रिजवर ठेवतोस, बाह्या वर करतोस. मग मारतोस.

मी सगळं परत पहिल्यापासून बघितलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता. तुझा बाप जनावर होता, पण त्याला लाज नव्हती म्हणून तो चारचौघांत मारायचा. तुला लाज आहे. तू आईचे कान आधी झाकायचास, म्हणजे तुला सगळं कळत होतं. ज्याला कळत नाही त्याच्यासाठी मी कुणाच्या पण पाया पडले असते रे. माझ्या देवाचं नाव तू बायकोला मारायच्या कामाला लावलंस आणि मी तुला आशीर्वाद देत बसले होते. ×××, ×××, ×××. ह्या ओळीत आणखी काय काय होतं, त्यातून यंत्रानं तुला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब काम झालं का विचारायला आले, तेव्हा त्यांच्यापुढं ते तव्याचं लावलं. थोडं बघून त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, घरातलं घरात राहू द्या वहिनी, म्हातारपणी तुमच्या तोंडात पाणी कोण घालणार. मी डाव्या हातानं चप्पल उचलली. जिन्यातून पडता पडता वाचले ते.

मग घाटीत मृण्मयीकडं गेले. तिचा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. मी तिला सांगितलं, मी सगळं पाहिलं. तिनं मोबाईलवर लिहून दाखवलं, की खरं सांगितलं तर ओवीला पुन्हा दिसू देणार नाही, असं तू तिला म्हणाला होतास. मी म्हटलं, ओवी माझ्या घरात आहे आणि घर माझ्या नावावर आहे. तेव्हा ती रडली. तारांमुळं तिला नीट रडता पण येईना.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. विशू, माझा जबाब सोमवारी झाला. पेटीतलं सगळं मी परत बाहेर काढलं आणि जसंच्या तसं पोलिसांच्या हवाली केलं. एक प्रत गीताबाईंकडं ठेवली, एक माझ्या बहिणीकडं अजिंठ्याला पाठवली, महत्त्वाचं एकाच जागी ठेवायचं नाही हे तूच शिकवलंस. मृण्मयीनं पण पहिलं लिहिलेलं मागं घेतलंय. वकिलाच्या नाहीतर चुलत्याच्या तोंडून तुला हे कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, म्हणून एवढी बोलले. तुला तिथं दुखलं खुपलं तर कळव, मी औषध घेऊन येईन, ते माझं मला चुकणार नाही. पण सोडवायला येणार नाही. खटला उभा राहील तेव्हा तुला माझ्यासमोर उभं करतील. वकील पहिलं हेच विचारंल, बाई, हा तुमचाच मुलगा ना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं व्हय म्हणीन. आणि मग तू काय केलंस ते सांगीन.

कोर्टात पण तुझीच,
आई