आधी मेन बंद, मग हात

अण्णा, सगळ्या नांदेडला सांगत फिरलात, आधी मेन बंद, मग हात. गिऱ्हाइकाला सांगितलं, दुकानातल्या पोरांना सांगितलं, मला तर हातावर फटका मारून सांगितलं. अन् स्वतः चालू तारेला हात लावून मेलात. मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवते. तुमच्या माघारी आई कधी बल्बचं बटण दाबायला धजली नाही. दिवा लावायला शेजारच्या लेकरांना हाका मारायची, बाया हसायच्या. ते तुम्ही कुठं बघितलं, मी बघितलं.

तो फटका अजून आठवतो. चौथीतून शाळा सुटली अन् मी तुमच्या दुकानात बसू लागले. तुम्ही वायरिंगची कामं करायचात, मधल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचात. एक रेडिओ पाठीकडून उघडा पडलाय, मी आत बोट घालतेय, अन् फाटकन हातावर बसते. मी म्हणते, पिन काढलीय की. तुम्ही म्हणता, "करंट अन् पाहुणा, उठला म्हणून लगेच जात न्हाई. थांब जरा." मग मी रडते म्हणून जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून देता, सांडलेले स्क्रू गोळा करायला. तो चुंबक सासरी आला, लातूरला. अजून आहे.

भूकंपाच्या साली तुम्ही इकडं लातूरकडं आलात, गावंच्या गावं आडवी झाली होती, पत्र्याच्या शेडांत लाईट जोडायला. पाऊस चालूच होता. तुम्हाला घरी घेऊन आलेली माणसं आईला सांगत होती, "अण्णांनी मेन न्हाई पाडला. समद्या शेडांत अंधार झाला असता." मी मधेच बोलले, मग होऊ द्यायचा होता अंधार. काकांनी मला आत नेलं.

आता ऐका. मी शिकवणीच्या पोरींची मेस चालवते. लातूर आता तेवढ्यावरच चालतं, घर तिथं हॉस्टेल, गल्ली तिथं क्लास. गॅस पुरत नाही म्हणून दोन इंडक्शन घेतलेत. तुमच्या वेळी ही शेगडी नव्हती. वर काच, आत तांब्याचं वेटोळं, जाळ दिसत नाही अन् भांडं तापतं. बिघाड मात्र तुमच्या रेडिओसारखेच, निम्मे बाहेरचेच असतात. स्वयंपाकाला नवी पोरगी येते, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवते अन् म्हणते, "काकू, तुमचं इंडक्शन खराब हाय, नुसतं पीं पीं करून राहिलं." मी तुमचा चुंबक पातेल्याच्या बुडाला लावते. चिकटत नाही, अन् चुंबक न धरणारं भांडं यावर तापत नाही. "खराब तुझं पातेलं हाय गं बाई." संध्याकाळी सगळ्या हॉस्टेलांत एकदम शेगड्या लागतात, व्होल्टेज पडतं, मग त्याच्या नावानं बोंब. ते बी शेगडीचं दुखणं नाही.

पण परवा मोठी शेगडी खरंच रुसली. भांडं बरोबर, लाईट बरोबर, चालू व्हायची, जरा तापली की बंद. म्हणजे खालचा पंखा फिरत नसणार, आत गरमी कोंडून ती आपली आपण बंद पडतेय. पोरी ताटं घेऊन बसलेल्या. मी पातेलं उतरवलं, शेगडी उलटी केली अन् लागले स्क्रू काढायला. तेवढ्यात फाटकन हातावर बसली. मारणारी माझी लेक.

"मम्मी, आधी पिन."

तिनं पिन उपसली. मी पुन्हा हात घातला तर मनगट धरलं. "थांब की. करंट अन् पाहुणा..." तुम्हाला तिनं बघितलेलं नाही, माझ्याच तोंडून उचललंय. बऱ्याच वेळानं तिनं झाकण काढलं. पंख्यात पीठ, केस अन् एक मेलेलं झुरळ. जुन्या दातांच्या ब्रशनं साफ केलं, पाती बोटानं फिरवून बघितली, झाकण लावलं. चालली. पोरी जेवल्या.

राग येतोय तो पुढच्या गोष्टीचा. या पोरीला डॉक्टरकीचे मार्क पडले नाहीत. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियनची जागा मिळालीय अन् शनिवारी प्रवेशाच्या कागदावर मला सही करायचीय. तुमचा लेक फोनवर म्हणतो, "लोक गावं सोडून लातूरला येतात लेकरं डॉक्टर करायला, अन् तू तिथं राहून पोरीला खांबावर चढवून राहिली." त्याचं मी ऐकत नाही. पण मीच तिला नाही म्हटलंय. तुझे आजोबा करंटनं गेले, म्हटलं. तर म्हणते, "आजोबा घाईनं गेले."

म्हणून विचारते. विसरलात, का जाणून हात घातलात? तुम्हीच विसरला असाल तर तो नियम काही कामाचा नाही, तुम्हाला वाचवलं नाही तर माझ्या पोरीला काय वाचवणार. मग मी सही करत नाही. अन् लोकांचा उजेड जाऊ नये म्हणून जाणून केलं असेल, तर नियम खरा अन् तुम्ही खोटे. मग मी तुमच्याशी जन्मभर भांडेन, पण सही करेन.

हे पत्र कुठं धाडायचं मला माहीत नाही, म्हणून फ्रिजवर तुमच्याच चुंबकाखाली अडकवून ठेवते. अन् एक सांगते, लेकीला सांगितलेलं नाही. जेवणाच्या वेळी शेगडी अडली तर मी कधीच पिन काढत नाही. पोरी भुकेल्या असतात.

शुक्रवारी तुमची तिथ आहे. गच्चीवर दोन घास ठेवते. विसरला असाल तर भजं उचला, जाणून केलं असेल तर खीर. दोन्ही खाऊ नका. दुपारच्या आत या, शनिवारी आयटीआयचं ऑफिस एक वाजताच बंद होतं.