कपाटाखालचा आड

दिनांक अठरा, मंगळवार, दुपार

चिरंजीव नातवास,

अनेक आशीर्वाद. मी तुझी आजी. ओळख पटली नसेल तर खूण सांगते: "पाच मिनिटांत परत फोन करतो" असं जिला म्हणाला होतास, ती. त्याला पाच महिने झाले. घड्याळ नीट करून घे.

मी तुझ्या आत्याकडे खुशाल आहे. सकाळी मी उठते, गुडघे मागाहून येतात. जावयाचं घोरणं शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. बाकी सगळं ठीक.

पत्रातलं अक्षर आत्याचं नाही, हे लक्षात आलं का? कोणाचं ते आताच सांगत नाही, म्हणजे तू शेवटपर्यंत वाचशील. मला लिहिता येत नाही, पण वाचणाऱ्याला कसं बसवून ठेवायचं ते येतं.

तर आपलं घर. ज्यांनी घेतलं ती शिंपीणबाई आणि तिचा नवरा. बाईची आई आजारी, म्हणून तिची खाट मागच्या खोलीत टाकायची होती. त्यासाठी त्यांनी ते मोठं लाकडी कपाट हलवलं. तूच भेट दिलेलं. "कपाट आमच्याकडून, काही देऊ नका," असं म्हणाला होतास. काय तो दानशूरपणा! बाई चार महिने शेजारणींना सांगत होती, माणसं किती मोठ्या मनाची. कपाट सरकलं, खालची फरशी खचली आणि तिचा नवरा गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. पाय मोडला नाही, हे त्याचं नशीब. फरशी खाट टाकल्यावर खचली असती तर म्हातारी आत गेली असती.

बाईने तुला फोन केला. तू काय म्हणालास? "घर जसं आहे तसं विकलंय. कागदात लिहिलंय."

वा रे वा! मला अक्षर येत नसलं तरी तुझ्या 'जसं आहे तसं' या तीन शब्दांत दोनदा 'स' आहे आणि एकदाही लाज नाही, हे कानाला कळतं. जसं आहे तसं विकलंस. मग जसं आहे तसं दाखवलं का नाहीस? तुझ्या जुन्या गाड्यांच्या धंद्यात तळाला गंजलेली गाडी नवी पायपुसणी घालून विकतोस, तसा माझ्या घरावर कपाट घालून मोकळा झालास.

त्या खोलीखाली आड आहे, हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तुझ्या आजोबांनी तो बुजवला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. विटांचे तुकडे, फुटकी मडकी, जुन्या चपला, हाताला येईल ते आत. तूही आपली मोडकी तीनचाकी टाकलीस आणि दोन दिवस रडलास. दर पावसाळ्यात तिथली जमीन बोटभर बसायची. आजोबा वरून फरशी बदलायचे आणि म्हणायचे, "झाकला आड सव्वा लाखाचा." ते गेले, म्हण तुझ्याकडे राहिली.

एवढ्यावर थांबला असतास तर मी आत्याच्या फोनवरून तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण परवा बाई तुझ्या वकिलाचा कागद घेऊन आत्याकडे आली. तिने मला तो वाचून दाखवला. वाचताना तिलाच अवघडल्यासारखं होत होतं. "विकणारी व्यक्ती अतिशय वृद्ध व निरक्षर असून तिला घराच्या स्थितीची समज नव्हती."

समज नव्हती! ज्या घरात मी चोपन्न वर्षं झाडू मारला, त्या घराची! कुठली फरशी पोकळ वाजते हे मला अंधारात पावलाला कळायचं. तुला जोडाक्षरं येतात म्हणून तू शहाणा आणि मी दगड? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. तुझ्या आडात काय होतं ते मला माहीत आहे, मीच भरलं होतं. पोहऱ्याला भोक कुठे पडलं ते कळत नाही.

आता हे ऐक. लिहिणारी म्हणते, "आजी, हे नको लिहू या." मी म्हटलं, लिही बाई, यासाठीच तर बसवलंय तुला.

घर बघायला ती दोघं आली, त्या दिवशी नवरा कपाटाच्या मागे वाकून बघायला लागला. तू दारात उभा होतास. माझ्याकडे बघितलंस, लहानपणी दूध सांडलं की बघायचास तसं. आणि मी, समज नसलेली बाई, पटकन म्हणाले, "त्या कपाटाला हात लावू नका हो. मी या घरात आले तेव्हापासून ते तिथेच आहे. हलवलं की घर रुसतं."

ते कपाट तू तीन वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून आणलं होतंस.

तो हसून सरळ झाला. बाईने मान डोलावली. तिने म्हातारीचा शब्द पाळला रे. चार महिने त्या कपाटाखालून केर काढताना ते इंचभरही सरकवलं नाही. आई बाहेरच्या खोलीत शिवणयंत्राच्या खडखडाटात झोपत होती, तरी नाही. तुझी थाप कागदावरची होती, कोणी फाडली असती. माझी थाप त्यांनी मनापासून पाळली. मला रात्री झोप नाही ती गुडघ्यांमुळे नाही.

म्हणून आज सकाळी मी दुसऱ्या कागदावर अंगठा दिला. त्यात लिहिलंय की आड होता, मला माहीत होतं, तुला माहीत होतं, आणि कपाटाची गोष्ट मी रचली. शेवटची ओळ मीच सांगितली: समज पूर्ण होती.

तो कागद बाईच्या शिवणयंत्राच्या खणात आहे. येत्या रविवारपर्यंत तू गवंडी घेऊन आलास, आड तळापर्यंत उकरून नीट भरलास आणि वर पक्की जमीन केलीस, तर तो खणातच राहील. नाही आलास तर सोमवारी तो कोर्टात जाईल, आणि त्याच्यासोबत मी. तुझ्या वकिलाला सांग, प्रश्न मोठ्याने विचार, म्हातारी कानाने थोडी कमी आहे, समजेने नाही.

तोवर मी रोज दुपारी इथे येऊन बसते, जिथे कपाट होतं त्या खड्ड्याच्या कडेला, खुर्ची टाकून. बाईच्या आईशी गप्पा होतात. तिला दात नाहीत, मला एक आहे, त्यामुळे इथे मीच थोरली.

आता तरी कळलं ना, अक्षर कोणाचं? तुझ्या गिऱ्हाइकाचं. टाक्यासारखं सरळ आहे. तू ज्यांना फसवलंस त्यांच्याच हातून तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर आली. यापेक्षा मोठी शिवी मला येत नाही.

तीनचाकी सापडली तर ठेवून घेते.

खाली अंगठा माझा, शुद्धीवर असताना दिलेला,
तुझी आजी

ता. क. दरवर्षी पाठवतोस तो खजूर या वर्षी आत्याकडे नको, या घराच्या पत्त्यावर पाठव. दोन डबे. मऊ बघून घे आणि बिया काढून पाठव. आत काही लपलेलं असलं की या घरात आता चालत नाही.