वाढीव चौदा मिलिमीटर लांबीचा खुलासा

प्रति,
मा. निगा अधिकारी,
शासकीय रुग्णवाहिका निगा कक्ष,
जालना.

विषय : इंजिन हेडचे दहा बोल्ट परत करताना मुळापेक्षा लांब भरल्याबाबतचा खुलासा, तसेच त्याच बोल्टांविषयी एक कबुली.

संदर्भ : आपले ज्ञापन दि. ६ नोव्हेंबर २०२५, जे अर्जदारास बारा तारखेस मिळाले.

अर्जदार : बदरोद्दीन मैनोद्दीन शेख, वय ५३, नोंदणीकृत फिटर, रा. टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना.

महोदय,

अर्जदार गेली सव्वीस वर्षे डिझेल इंजिने उघडण्याचे व बसविण्याचे काम करीत आहे. या काळात त्याच्यावर उशिराचे आरोप झाले, ते खरे होते. जिभेचा तिखट असल्याचा आरोप झाला, तोही खरा आहे. चोरीचा आरोप मात्र प्रथमच झाला, आणि तोही फूटपट्टी लावून. ज्ञापनात म्हटले आहे की, भांडारातून जूनमध्ये दिलेले दहा बोल्ट प्रत्येकी १५० मि.मी. होते, ऑक्टोबरमध्ये परत आले तेव्हा सहा बोल्ट १५१ व चार बोल्ट १५२ मि.मी. भरले, सबब एकूण १४ मि.मी. वाढीव लांबी अर्जदाराने कोठून आणली याचा खुलासा करावा, अन्यथा सरकारी बोल्ट बदलून दुसरेच जमा केले असे समजून पोलिसांत तक्रार देण्यात येईल. अर्जदाराने हे ज्ञापन दोनदा वाचले. चोर माल कमी करतो हे त्याला ठाऊक होते. वाढवून परत करणारा चोर आपल्या कार्यालयाने शोधला, त्याबद्दल प्रथम अभिनंदन.

आता खुलासा. हेड म्हणजे इंजिनाचे वरचे जड झाकण. आत डिझेलचा भडका उडतो तेव्हा ते उडू नये म्हणून दहा बोल्ट त्याला खाली आवळून धरतात. हे बोल्ट बसविताना मुद्दाम थोडे ताणावे लागतात, त्या ताणानेच पकड येते. कंपनी ते मोजून बनवते. जेवढा दाब इंजिनात राहणार, तेवढ्याला पुरतील आणि वर थोडी शिल्लक राहील, इतकेच त्यांचे बळ. त्यापलीकडे ताण गेला की बोल्ट लांब होतो आणि लांबच राहतो. दिसायला नवा दिसतो, पण त्याच्यात जीव राहिलेला नसतो.

हे बोल्ट ज्या इंजिनात बसवले, ती धावडा गावची रुग्णवाहिका घाट चढताना दमते, अशी तक्रार जुलैमध्ये आली. त्यावर आपल्या कार्यालयाने अर्जदारास न विचारता बाहेरच्या माणसाकडून टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवून घेतला. गाडी पळू लागली. आपण स्वतः फेरी मारलीत आणि फोटो काढून घेतलात. बोल्ट तेच राहिले. दाब कोणी वाढवला, किती वाढवला, याची नोंद कुठेही नाही. बोल्ट किती वाढले याची मात्र मिलिमीटरपर्यंत आहे.

ऑक्टोबरात बेबीनंदा नावाची बाई बाळंतपणासाठी गाडीत असताना घाटात हेड उचलले गेले, त्याखालची सांधबंद पट्टी, म्हणजे गॅस्केट, फुटली आणि पाणी उकळून बाहेर आले. चालक बद्रीनाथ यांनी अर्जदारास फोनवर सांगितले, "भाई, समोरून नुसती वाफच येऊन राह्यली. मी गाडी बंद केली न् कापसाचा टेम्पो थांबवला, मंग त्याच्यात नेलं बाईला." बाई त्या टेम्पोत कापसावर बाळंत झाली. दोघे सुखरूप आहेत. यात आपल्या कार्यालयाचे कसलेही श्रेय नाही.

अर्जदाराने इंजिन उघडून लेखी मागणी केली : दाब मुळावर आणा, दहा बोल्ट नवे द्या. उत्तर आले की बोल्ट जडवस्तू नोंदवहीत आहेत, म्हणजे टेबल, खुर्ची व लोखंडी कपाट यांच्या पंगतीत. ते मोडल्याशिवाय नवे देता येत नाहीत. आपले बोल्ट मोडले नव्हते, केवळ निकामी झाले होते. भांडारपाल सोमेश्वर यांनी फूटपट्टी काढली, माप घेतले आणि म्हणाले, "भाई, लोखंड काय पावसानं वाढून राह्यलं का? मी दिल्ता तो बोल्ट हा न्हाईच." अर्जदार म्हणाला, "साहेब, ताणला गेल्ता म्हणून लांब झाला. बिलकुल तोच हाय." सोमेश्वर यांनी चष्म्यावरून पाहिले आणि शेरा लिहायला घेतला. त्यांचे अक्षर सुंदर आहे.

पुढचे लिहिताना अर्जदारास लाज वाटते, वास्तविक ती दुसऱ्या कोणास वाटायला हवी होती. त्याच दहा बोल्टांची टोके ग्राइंडरवर घासून ते पुन्हा १५० मि.मी. करण्यात आले. "वाढीव लांबी काढल्याने बोल्ट मूळ मापात आले असून पुनर्वापरास योग्य" असा शेरा मारला गेला. बाहेरच्या माणसाने ते त्याच इंजिनात बसवले. टर्बोचा दाब वाढवलेलाच आहे. ताणून सैल झालेल्या परकराच्या नाडीचे टोक कापल्याने ती घट्ट होत नाही, हे कोणत्याही शाळकरी मुलीला कळते. त्यासाठी निगा अधिकारी असावे लागत नाही.

काल आपण अर्जदारास समोर बसवून सांगितलेत की, "हेड घट्ट, इंजिन सुस्थितीत" या प्रमाणपत्रावर नोंदणीकृत फिटर म्हणून शुक्रवारी पाचपर्यंत सही करावी. सही केल्यास चोरीचे प्रकरण दप्तरी दाखल करून मिटविण्यात येईल. न केल्यास नोंदणी रद्द आणि पोलीस. गाडी सोमवारी धावड्यास रवाना होईल. अर्जदार घरी गेला. पत्नी मैमूना हिने सगळे ऐकून एवढेच विचारले, "त्या गाडीत आपली लेक कहकशा असती तर तुम्ही सही केली असती का?" अर्जदारास राग आला, कारण उत्तर सोपे होते. सव्वीस वर्षांचे नाव जाण्याची भीतीही वाटली. ती अजून वाटते.

सबब, खालीलप्रमाणे कबुली देण्यात येत आहे. आज शुक्रवारी दुपारी एक ते तीन या वेळेत, म्हणजे आपल्या कार्यालयाच्या अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुट्टीत, अर्जदाराने आवारात उभ्या असलेल्या त्या रुग्णवाहिकेचे हेड उघडले. दहाही बोल्ट काढले आणि डब्यात घालून नेले. शिपायाने पाहिले, चहाही दिला. कोणी काही विचारले नाही, कारण अर्जदाराच्या हातात पाना होता आणि तो काम करताना दिसत होता. ऑक्टोबरातली चोरी त्याने केली नव्हती. आजची केली आहे. ज्ञापनातील चोर हा शब्द आता बरोबर आहे, तो खोडू नये.

पोलिसांत तक्रार अवश्य द्यावी. मुद्देमालात बोल्टांची लांबी १५० लिहावी व ती कशाने झाली हेही लिहावे, म्हणजे ते कागद आपल्या कक्षाबाहेरच्या एखाद्या माणसाच्या नजरेस पडतील. नोंदणी रद्द करावी. गाडी सोमवारी धावड्यास जाणार नाही.

आपल्या दप्तरी आता रीतसर चोर,
बदरोद्दीन मैनोद्दीन शेख
जालना, दि. १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार

सोबत :
१. ज्ञापनाची प्रत.
२. प्रमाणपत्र, सहीविना.
३. बोल्ट दहा नग : जोडलेले नाहीत. मागू नयेत.