आडवी रेघ आणि शून्य

९ जुलै
पाय तुटले! दिवसभर खुर्चीत बसूनही पाय तुटतात, हे आज कळलं. राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिसातलं मोठं टेबल, त्यावर कागदच कागद. संपत चाललेले अठरा जीव. प्रत्येकापुढे लिहायचं : काय केलं तर वाचेल, खर्च किती, वाचण्याची आशा किती. बाई, म्हणजे आमच्या साहेब, म्हणाल्या, "अठरा वाचवायला निघालो तर एकही वाचणार नाही. पाच कामं धरायची. पाचाखाली रेघ." मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.
मी आकडे वाचून दाखवते. नववीत दोनदा बसलेल्या मुलीला याहून मोठं काम कोण देणार!

११ जुलै
खिडकीत कोळी जाळं विणत होता. बघत राहिले, दोन ओळी गाळल्या. "कुठे हरवलीस?" — बाई.
वनरक्षक काका येऊन गेले. अकरा वर्षं कड्यावरच्या गिधाडांच्या घरट्यांवर पहारा. बूट चिखलाचे म्हणून दारातच उभे. "आमच्या लेकरांचं काय झालं गं?" पाचवा नंबर, म्हटलं. "काठावर का होईना, आत आहेत ना!" खिशातून उकडलेलं अंडं काढून मला दिलं. "खा. वाळकं लाकूड नुसतं."

१४ जुलै
चट्टेदार बेडूक कटला. तो वरच्या झऱ्याच्या बारा डबक्यांतच राहतो, बाकी कुठेच नाही. गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण हवं. पण बाई म्हणाल्या, "बारापैकी आठ डबक्यांत अंडी शून्य. कुंपण घालायचं कुणासाठी?" सहावा नंबर. रेघेखाली.
ती आठ शून्यं माझ्या हातची.

१५ जुलै
लिहूनच टाकते. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं — पाहिलं आणि दिसलं नाही तर शून्य, पाहिलंच नाही तर आडवी रेघ. अंडी मोजायला गेले त्या दिवशी मी बारापैकी चारच डबकी पाहिली. मग मुंग्या मेलेला नाकतोडा ओढत निघाल्या होत्या, तो कुठे नेतात ते बघायला गेले. दुपार गेली! आठ रेघा ओढल्या तर कामचुकार दिसेन. शून्य कसं, काम केल्यासारखं दिसतं.

१६ जुलै
पिशवी भरली. तीन नोकऱ्या अशाच सोडल्यात, कुणाला काही न सांगता.
पिशवी रिकामी केली.

१७ जुलै
सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आठही?" एवढंच. मग स्वतः शून्यं खोडून रेघा ओढल्या, आशा वाढवून धरली, सगळं पुन्हा मांडलं. बेडूक चौथा. खालचे एकेक पायरी उतरले. गिधाडं सहावी.
काका दारातच. "कुणी ढकललं लेकरांना?"
मी, म्हटलं. सगळं सांगितलं.
काकांनी बुटांवरचा चिखल उंबऱ्याला खरवडला. "आता तरी खरं आहे ना?" अंडं आजही दिलं. पिशवीत ठेवलं.

१८ जुलै
यादी परवा संध्याकाळी वर जाणार. बाईंनी सांगितलं, "आठही डबकी बघून या. अंड्यांचा एक जरी पुंजका सापडला तर बेडूक राहील. नाहीतर गिधाडं परत आत." बरोबर काकांना दिलं. वाट त्यांनाच ठाऊक.
"वाटेत मुंग्या भेटल्या तर सांग हो, थांबू!" — काका. हसले नाहीत.

१९ जुलै
चार डबकी झाली. गुडघे टेकून, दगड उचलून, काठचं गवत बाजूला करून. शून्य, शून्य, शून्य, शून्य. खरीखुरी. परतताना काका शीळ घालत होते. मध्येच थांबले, माझ्याकडे पाहिलं, पुढे घातली नाही.   अंग ठणकतंय. उद्या उरलेली चार.

२० जुलै
शेवटच्या डबक्यात होता. पानाखाली, मुठीएवढा पुंजका. मी शून्य लिहून उतरायला लागले होते. काकांनीच पान उलटलं आणि हाक मारून परत बोलावलं.