अर्धाच सराव

प्रिय राजानंद,

जय भीम. तुझे चार फोन आले, मी उचलले न्हाईत. फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज आपोआप कोचसारखा होतो, म्हणून लिहून राह्यलो. अक्षर लागलं न्हाई तर तुझ्या टीममधल्या आकांक्षाकडून वाचून घे. नको, तिच्याकडून नको. आधी तूच वाच.

परतूरला मोंढ्याच्या आवारात, धान्याच्या पोत्यांमधी, आपण पाच-पाच जणांत फुटसाल खेळायचो, तसंच इथं हैदराबादेत. फक्त खाली निळी फरशी आणि वर पत्रे. कल्याण तिकडं कोच झाला, असं तू गावभर सांगितलंस. मी ते खोडलं न्हाई. खरं म्हणजे मी हॉल झाडतो, बॉलमधी हवा भरतो. सरावाला कोच मला मधी उभा करतो, पोरं आपापल्या जागी उभी राहून माझ्या बाजूनं पास काढतात. मी हलायचं न्हाई. आठवीत शाळा सोडली तवा गुरुजी म्हणले होते, हे पोरगं एका जाग्यावर टिकायचं न्हाई. आता बघ.

तिथून जे दिसलं तेच तुझ्या पोरींच्या टीमसाठी फोनवर कोच होऊन सांगत गेलो. बॉल तळपायाखाली धर, मान वर ठेव, जमिनीलगत पास दे, जागा सोडू नको. तुझ्या व्हिडिओत आकांक्षा पास दिला की रिकाम्या कोपऱ्याकडं पळायची. मीच तिला झापलं, सोयाबीनचं पोतं समज स्वतःला, पोतं पळतं का? तू हसलास. ती हसली न्हाई.

मंग जालन्याची मॅच. शेवटच्या मिनिटाला तिनं प्रियाला पास दिला आणि मी सांगितलं तशी उभी राहिली. प्रियानं बॉल पुढं मोकळ्या जागेत परत दिला, तिथं कुणीच न्हाई. समोरच्यांनी उचलला, गोल. सगळे तिच्यावर तुटून पडले, आणि फोनवर मॅच बघता बघता सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, हलायला काय झाल्तं तुला? तवापासून ती मोंढ्यात पाय ठेवत न्हाई.

रोज अर्धा सराव झाला की मला खेळाडूंची जाकिटं धुवायला धाडतात. मंगळवारी नळाला पाणी नव्हतं, म्हणून थांबलो, तर पुढचा अर्धा सराव पहिल्यांदा पाह्यला. कोच एकच सांगत होता, पास दिला की निघ, रिकामी जागा धर. पोरं बराबर तशीच पळत होती, जशी आकांक्षा पळायची. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मी मात्र ते मोडलं. भिंतीला टेकलो तर मान वर होईना.

दिवाळीत पोरींना घेऊन हैदराबादला येतो, कोच कल्याणला भेटायला, असा तुझा निरोप मिळाला. या. पण त्याआधी आकांक्षाला घरून मोंढ्यात आण आणि हे पत्र तिथं सगळ्यांपुढं मोठ्यानं वाच. ती बराबर होती, चूक माझी. इथं आल्यावर कोच कल्याणला शोधू नका. मधी जो नुसता उभा असंल तो मी. तिला म्हणावं, माझ्या बाजूनं पास काढ आणि पळ.

तुझाच,
कल्याण