नवाकोरा पंप

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

संकट आलं की तुमचा कक्ष कामाला लागतो, मग संकट नसतं तेव्हा तुम्ही लोक काय करता? शिंपीणकाकूंनी आज तोंडात टाचण्या धरून हा प्रश्न विचारला. आपत्ती व्यवस्थापन कक्षात मी नोकरीला लागल्याला वर्ष होईल, आणि हे मला माहीत नाही! 'तयारी करतो' असं म्हणणार होते, पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, हात वर कर, माप चुकेल.

निळा ड्रेस शिवायला टाकलाय. निधी देणाऱ्या विभागाचे लोक तपासणीला येतील त्या दिवशी घालणार. मुलाखतीचा ड्रेसही काकूंनीच शिवला होता. शिलाई घेतली नाही. म्हणाल्या, आपल्या गल्लीतली पोर ऑफिसात बसणार, माझं शिवण तिथं मिरवू दे.

संकल्प : या गल्लीसाठी मी काहीतरी करणार. नक्की.

६ फेब्रुवारी

साहित्य आलं! माझा प्रस्ताव, माझी यादी, आणि पहिल्या फटक्यात मंजुरी. पाणी उपसायचा पंप, स्ट्रेचर, लाइफ जॅकेट, कर्णा. सगळं खोक्यांत, सीलबंद. आमची खालची गल्ली उतारावर आहे. पाणी आलं की आधी तिथंच येतं. त्यामुळे पंप हा माझा जीव की प्राण.

शिवाय गल्लीच्या तोंडावर फलक लागला. मजकूर माझा : 'घाबरू नका, आम्ही तयार आहोत!' तो लांबून वाचता यावा म्हणून आकार वाढवावा लागला आणि त्यासाठी यादीतल्या एक-दोन किरकोळ गोष्टी गाळल्या. लोकांना धीर मिळणं महत्त्वाचं.

साहेब म्हणाले, तपासणी होईपर्यंत सील तोडू नका बुवा. मागच्या खेपेला स्ट्रेचरवर चहाचे डाग सापडले आणि पुढचा हप्ता अडकला. (स्ट्रेचरवर दुपारी कोण झोपायचं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. मी बोलले नाही.) साठाखोलीची किल्ली माझ्याकडे दिली. जबाबदारी!

१४ फेब्रुवारी

संकल्प : दर शनिवारी गल्लीत पंपाचं प्रात्यक्षिक.

आज पहिलं झालं. खोकं फोडायचं नाही म्हणून पंपाचा फोटो दाखवला. हजेरी : आई, काकू आणि एक झोपलेली मांजर. आई म्हणाली, फोटो छान आलाय. काकूंनी विचारलं, चालू कसा करायचा? मी म्हटलं, पुढच्या भागात सांगेन. खरं तर माहितीपुस्तिका खोक्याच्या आत आहे.

२१ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक रद्द. फोटो तोच होता.

२४ फेब्रुवारी

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

सकाळी दहाच्या सुमारास चौकातली मोठी पाइपलाइन फुटली. सगळं पाणी खालच्या गल्लीत. काकूंचा फोन आला, अगं, दुकानात घोट्याच्या वर चढलं, तुझा तो पंप आण पटकन. मी म्हटलं, घाबरू नका. त्या म्हणाल्या, घाबरले नाहीये बाई, भिजलेय.

तपासणी उद्यावर. साहेबांना विचारलं. ते फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, किल्ली तुमच्याकडे आहे, तुम्हीच ठरवा.

मी ठरवलं. आधी 'आपत्ती' या शब्दाची व्याख्या वाचली. फुटलेली पाइपलाइन ही पाणीपुरवठा विभागाची बाब आहे. म्हणून त्यांना रीतसर कळवलं. फोन लागायला वेळ लागला, तो माझा दोष नाही. शिवाय हप्ता अडकला तर पुढच्या वर्षी इतर गल्ल्यांना काहीच मिळणार नाही. एका गल्लीसाठी सगळ्यांचं नुकसान करायचं का? मोठा विचार करावा लागतो. काकूंना पुन्हा फोन केला. लागला नाही. दोनदाच केला.

साठाखोलीच्या दारापर्यंत गेले होते. कुलूप नीट आहे का ते बघायला.

संध्याकाळी घरी आले तर आई पालथी पडलेली आणि बाबा तिच्या कमरेला मलम चोळत होते. गल्लीतल्या बायकांनी बादल्यांनी पाणी उपसलं. आईनं नुसतं तोंड भिंतीकडे वळवलं. ही बाई मीठ कमी पडलं तरी अर्धा तास बोलते. बाबा बसड्रायव्हर आहेत. ते म्हणाले, आमच्या बसमधल्या औषधाच्या डब्यालाही सील आहे. इतकी वर्षं शाबूत. आत काय आहे ते मलाही माहीत नाही.

मला टोमणा वाटला नाही.

२५ फेब्रुवारी

तपासणी झाली. तपासनीस बाई खोक्यांवरून हात फिरवून म्हणाल्या, असं जतन फार कमी ठिकाणी दिसतं. पुढच्या हप्त्याची शिफारस करणार आहेत. साहेबांनी माझं नाव सांगितलं. फोटोत मला मधे उभं केलं, पंपाच्या शेजारी.

निळ्या ड्रेसमध्ये. तो सकाळी आईनं माझ्यापुढे ठेवला होता. कोरडा, इस्त्री केलेला. पाणी शिरलं तेव्हा काकूंनी म्हणे सगळ्यात आधी हाच उचलून वरच्या खुंटीला टांगला. म्हणाल्या, पोरीची उद्या तपासणी आहे. मग मशीनच्या मोटरकडे वळल्या, तोवर ती बुडाली होती. गिऱ्हाइकांचे चार कोटही गेले.

ड्रेस अंगाला अगदी बरोबर बसलाय. दिवसभर टोचत होता.

२८ फेब्रुवारी

ऑफिसला वरच्या रस्त्यानं जाते हल्ली. चालणं होतं. तब्येतीला चांगलं. काकूंना टाळण्याचा प्रश्नच नाही. काल त्या समोरून येताना दिसल्या आणि मी मेडिकलच्या दुकानात शिरले, तेही सर्दी होईल असं वाटत होतं म्हणून.

प्रात्यक्षिकाचा शनिवार. विसरले.

संकल्प : सोमवारी काकूंना भेटून परिस्थिती समजावून सांगणे. मुद्दे काढलेत. व्याख्या, इतर विभाग, व्यापक हित.

२ मार्च

काकूंकडे गेले. मुद्दे पर्समध्येच राहिले. त्या हातानं चाक फिरवून शिवत होत्या, सावकाश. म्हणाल्या, ये गं, मेडल मिळालं का? मी म्हटलं, मेडल नसतं, शिफारस असते. त्या म्हणाल्या, बरं, तिचा चहा पाज. आणि हसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या खोलीत अजून पाणी साचलंय, बादली पोचत नाही त्या कोपऱ्यात.

तडक ऑफिसात आले आणि पंपाचं सील तोडलं. तपासणी झालेली आहे, त्यामुळे नियमात बसतं (हे मी आधी तपासलं, सवय).

खोक्यात पंप आहे. माहितीपुस्तिका आहे. पाइप नाही.

प्रस्तावाची प्रत काढून बघितली. पाइप ही ती किरकोळ गोष्ट. फलकासाठी मीच गाळली होती.

पहिला विचार आला, चला, म्हणजे त्या दिवशी पंप नेला असता तरी उपयोग नव्हता! माझ्याकडून कुणाचं नुकसान झालंच नाही! इतकं हलकं वाटलं की टेबलावर ठेवलेला कुणाचा तरी लाडूसुद्धा खाल्ला.

दुसरा विचार घरी जाताना फलकाखाली आला. तो लिहीत नाही.

४ मार्च

आईला सगळं सांगितलं. पाइपचंही. ती म्हणाली, तुला शिकवलं ते चुकलं नाही माझं. पण तू एकदा तरी बादली उचलायला यायचं होतंस.

साहेबांना विचारायचं ठरवलंय की पंप गल्लीत ठेवता येईल का. अर्जाचा मसुदा तयार. भाषा जमत नाहीये.

७ मार्च, शनिवार

मसुदा फाडला. पाइप काल पगारातून आणला. आज सकाळी बाबांनी आणि मी पंप हातगाडीवर घालून काकूंच्या दुकानात नेला. आईनं मोठ्यानं पुस्तिका वाचली, एक पान उलटं. काकूंनी बटण दाबलं, पाइप माझ्या हातातून निसटला आणि मागच्या खोलीतलं सगळं घाण पाणी माझ्या निळ्या ड्रेसवर. गल्लीतल्या बायका पायऱ्यांवर बसून हसल्या. प्रात्यक्षिकाला इतकी गर्दी कधीच नव्हती. काकू म्हणाल्या, टाक इकडे, धुऊन देते. मी म्हटलं, नको.

मोटर त्यानं भरून येत नाही. ती अजून बंदच आहे. मी भरपाईचं बोलायला गेले तर त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या.

पंप आता तिथंच राहील, कापायच्या टेबलाखाली. साहेबांना सोमवारी सवडीनं सांगायचं ठरवलं होतं. सोमवारपर्यंत मला नवी व्याख्या सापडली असती, म्हणून आत्ताच फोन करून सांगून टाकलं. ते हळू आवाजात म्हणाले, अहो, सील तरी जपून ठेवलंय ना? परत चिकटवता येईल.

मी म्हटलं, नाही सर, ते आईनं चुलीत घातलं. मीच दिलं तिला.