धूम्रपानाच्या डब्यातील खिडकीजवळच्या जागेबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधीक्षक,
वेल्डन व साउथमार्श रेल्वे कंपनी,
मुख्य कार्यालय, वेल्डन.

विषय : धूम्रपानाच्या डब्यातून प्रवास करण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : मला समज देणारे आपले गेल्या आठवड्याचे पत्र.

महोदय,

खाली सही करणारी मी, मिसेस ऑगस्टा थर्केटल, राहणार साउथमार्श, आपल्या पत्राबाबत खुलासा करून पुढील विनंती करीत आहे.

१. सभ्य स्त्री धूम्रपानाच्या डब्यात कोणत्या कारणाने शिरते हे कंपनीस कळत नाही, असे आपण लिहिता. कारण साधे आहे. त्या डब्यात माझे यजमान बसतात.

स्त्रियांसमोर तंबाखू ओढू नये हा शिष्टाचार स्त्रियांच्या सोयीसाठी आहे, असे मला लहानपणी शिकवण्यात आले. सोय कोणाची, ते लग्नानंतर कळले. मिस्टर थर्केटल जेवण उरकताच मखमली कोट चढवतात, केसांना वास लागू नये म्हणून गोंड्याची टोपी घालतात (केस फारसे उरलेले नाहीत) आणि धूम्रपानाच्या खोलीत जाऊन बसतात. तेथे मला मज्जाव. त्यांच्या क्लबात मज्जाव. सकाळच्या गाडीत आपल्या कृपेने मज्जाव. छप्पर गळते आहे एवढे जरी म्हटले, तरी त्यांना चिरूट आठवतो.

२. इतकी वर्षे मी हे चालवून घेतले. परंतु आमची कन्या विनिफ्रेड हिला लॅव्हिंग्टन तंबाखूवाल्यांच्या मुलाने मागणी घातली आहे. मुलगा सरळ आहे, कन्येचे मन बसले आहे, आणि ती कायद्याने अजून अज्ञान असल्यामुळे वडिलांच्या होकाराशिवाय लग्न होऊ शकत नाही. होकार राहो दूर, नकारही मिळेना. मुलगा दुकानदाराचा, ही अडचण. लॅव्हिंग्टनांचा माल आमच्या यजमानांच्या नाकातोंडातून रोज ये-जा करतो. लॅव्हिंग्टनांचा मुलगा मात्र आमच्या पुढच्या दारातून आत येऊ शकत नव्हता. तो पुढील महिन्यात तंबाखूच्या खरेदीसाठी व्हर्जिनियास जाणार, आणि लग्नाची बोलणी त्याआधी झाली नाहीत तर पुढे होतील असे कोणीच सांगू शकत नव्हते. मुलीने अन्न टाकले होते. ती माझी एकुलती एक आहे.

३. म्हणून मी त्या डब्यात चढले. आतील सद्गृहस्थांनी घाईघाईने चिरूट विझवले. एकाने पेटता पाइप खिशात घातला, त्यांच्या कोटाबद्दल मला खेद आहे. मी यजमानांना इतकेच विचारले, "अहो, आपल्या विनीचं काय करायचं?" परक्या बाईसमोर उचलावी तशी त्यांनी टोपी उचलली आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपण चुकून इथं आलात वाटतं. हा धूम्रपानाचा डबा आहे."

महोदय, मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट अधिक वाटले. इतक्यात आपले गार्ड मिस्टर क्रम्प आले.

"बाई, तुम्ही ओढता का?"

"नाही."

"मग उतरा. हा ओढणाऱ्यांचा डबा आहे."

४. नियम तो नियम. आमच्या स्वयंपाकीण मिसेस बॉडल दुपारी चुलीच्या धुराड्याकडे तोंड करून मातीचा पाइप ओढतात. मी त्यांच्या शेजारी स्टूल मांडले. पहिल्या दिवशी भिंती फिरल्या, दुसऱ्या दिवशी जेवण उलटले. मिसेस बॉडल म्हणाल्या, "धूर गिळू नका बाईसाहेब, नुसता तोंडात खेळवा. आणि मालकांचा विचार करू नका, ठसका लागतो." त्यांचे दोन्ही सल्ले मोलाचे ठरले.

५. मंगळवारी विनिफ्रेडला स्त्रियांच्या राखीव डब्यात रीतसर बसवून मी शेजारच्या धूम्रपानाच्या डब्यात पाइप पेटवूनच चढले. सद्गृहस्थांची पंचाईत झाली. स्त्री समोर असताना ओढता येत नाही, पण स्त्रीच ओढत असेल तर काय करावे, हे कोणत्याही शाळेत शिकवलेले नव्हते. आमच्या यजमानांना पळता भुई थोडी झाली. शिट्टी होता होता ते खाली उतरले, दिसेल त्या दारात शिरले आणि गाडी सुटली. ते दार स्त्रियांच्या डब्याचे होते.

आपल्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची सोय नाही, याबद्दल कंपनीचे आभार मानावेत तेवढे थोडे. त्या डब्यात चिरूट पेटवता येत नव्हता आणि समोर मुलगी बसली होती. मागाहून समजले की तिने एवढेच विचारले, "बाबा, हो की नाही?" बाकीच्या बायकांनी विणकाम मांडीवर ठेवले आणि उत्तराची वाट पाहू लागल्या. पुढचे स्टेशन येण्यापूर्वी मिस्टर थर्केटल हो म्हणाले.

त्या वेळी मी शेजारी खिडकीपाशी बसले होते. कोणी मला काही विचारीत नव्हते. स्वयंपाकाचे नाही, पडद्यांचे नाही, पाहुण्यांचे नाही. असे स्वास्थ्य मला लग्नानंतर प्रथमच लाभले, आणि पुरुषमंडळी ही चीज आपल्यापुरती का राखून ठेवतात, ते त्या दिवशी उमगले.

६. तरी विनंती की, स्त्रियांच्या डब्यात आढळल्याबद्दल माझ्या यजमानांवर बजावलेली नोटीस मागे घेऊ नये. शक्य झाल्यास त्यांची जागा तेथेच कायम करावी. घरातील पुष्कळ प्रश्न तुंबलेले आहेत, आणि त्या डब्यातील स्त्रियांनी साहाय्याची तयारी दर्शवली आहे.

लग्न ठरले असल्याने माझ्या अर्जाचे मूळ कारण आता उरलेले नाही. अर्ज मात्र कायम आहे.

आपली नम्र, आणि उतरण्याचा विचार नसलेली,

ऑगस्टा थर्केटल

साउथमार्श,
दि. १७ मार्च १८७५